किलवरची दुर्री

आर्व्हेला साइझमोरनं वयाची चौतिशी गाठेपर्यंत राजा-राणीच्या पत्त्यांना हात लावला नव्हता. तिचे वडील ब्रदर होबर्ट हे पूर्व केंटकीतल्या त्या अरुंद दरीतल्या बॅप्टिस्ट चर्चचे उपदेशक. आठवडाभर लाकडाच्या वखारीत राबायचं आणि रविवारी उपदेश करायचा, असा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. घरात मुलांना नुसते आकडे छापलेले पत्ते खेळायची मुभा होती. चित्रांचा कॅट मात्र सैतानाचा. त्याला उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती.

तो कॅट तिच्या घरात आला तो नवऱ्याच्या मागून. डेन्व्हर साइझमोर खाणीत छत कोसळून गेला, त्याला तीन आठवडे झाले होते. त्याचा जोडीदार एस्टिल गेहार्ट टोपी हातात धरून दारात उभा राहिला. दुसऱ्या हातात डेन्व्हरचा जेवणाचा डबा.

"वहिनी, हा वर आणायचा राहिला होता," तो म्हणाला. "आत त्याची एक वस्तू आहे. तुम्हाला सांगून ठेवतो, नाहीतर उगाच धक्का बसायचा."

डब्यात रबर बँड घातलेला पत्त्यांचा कॅट होता. कोळशाच्या भुकटीनं कडा काळ्या झालेल्या, पत्ते हाताळून हाताळून कापडासारखे मऊ.

"बारा वर्षं संसार केला मी त्याच्याशी," आर्व्हेला म्हणाली. "आणि हा माणूस पत्ते खेळायचा?"

"रोज. जेवणाच्या सुट्टीत, अर्धा तास. पैसे लावून नाही हं. तुमच्या वडिलांच्या धाकानं त्यानं आम्हाला शपथ घातली होती." एस्टिल थोडं हसला, मग त्याचा चेहरा पुन्हा उतरला. "किलवरची दुर्री आली की ओरडायचा. अख्ख्या बोगद्यात ऐकू जायचं."

"दुर्री? ती तर सगळ्यात हलकी ना?"

"आमच्या खेळात नाही."

त्या दिवशी तिनं पुढचं विचारलं नाही. कॅट कपाटात वरच्या खणात ठेवून दिला. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची नोकरी होती. रोज अडीचशे पोरांचा राजमा आणि मक्याचा पाव करायचा, भांडी विसळायची, घरी यायचं. रविवारी चर्चमध्ये गायचं. दरीत तिच्यासारखा आवाज कुणाचा नव्हता, हे तिच्याशी न बोलणाऱ्या बायकासुद्धा कबूल करत. असं वर्ष गेलं. पण एस्टिलचं 'आमच्या खेळात नाही' हे वाक्य काही तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी एका बुधवारी शाळा सुटल्यावर ती कॅट पर्समध्ये घालून एस्टिलच्या घरी गेली.

"भाऊजी, मला तो खेळ शिकवा," ती म्हणाली.

एस्टिलची बायको ओपल ओट्यापाशी पीठ मळत होती. ती पिठाच्या हातांनीच वळली. "अगं, तुझ्या बाबांना कळलं तर?"

"मी चौतीस वर्षांची आहे, ओपल."

"ते मला नको सांगूस, त्यांना सांग."

खेळाचं नाव सेटबॅक. एस्टिलनं पत्ते पिसले आणि तिघांना सहा-सहा वाटले. हुकूम कसा ठरतो, बोली कशी लावायची, ते सांगितलं. मग म्हणाला, "आता नीट ऐका. हुकमाच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याला एक गुण, गुलामाला एक, जिंकलेल्या पत्त्यांची बेरीज ज्याची जास्त त्याला एक. आणि सगळ्यात लहान पत्त्यालाही एक. म्हणजे दुर्री."

"पण दुर्रीला तर कुणीही मारेल."

"मारू दे की! एक्क्यानं मारली, राजानं मारली, हात त्यांचा होईल. दुर्रीचा गुण मात्र जिला वाटली तिचाच. तो कुणाला नेता येत नाही."

आर्व्हेलानं हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवले. ओपलनं नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं, तसा तो उठून उगाचच चुलीतली लाकडं सारखी करायला गेला.

गाणं तिनं पुढच्या दोन महिन्यांत लिहिलं. चाल आधी आली, भांडी घासताना. शब्द मागून आले. पहिलं कडवं तिनं एस्टिलला म्हणून दाखवलं, तेव्हा त्यानं गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि डोकं खाजवलं.

"वहिनी, गाणं काळीज कापतंय. पण इथं तुम्ही एकाच दुर्रीला राजाकडून पण मारलंय आणि एक्क्याकडून पण. एका हातात दोघं कसे मारतील? खाणीतली माणसं तेवढंच धरून बसतील."

ती घरी गेली आणि ते कडवं पुन्हा लिहिलं. मग आणखी चार बुधवार पत्ते खेळली, कारण आपण लिहितोय त्यातलं आपल्याला येत नाही ही गोष्ट तिला सहन होईना. शेवटी धृपद असं झालं:

एक्क्यानं मारली, ओढून नेली,
डोंगराच्या पोटात दिसेनाशी झाली;
मोजायला बसा, मग कळेल तुम्हाला,
किलवरची दुर्री माझ्याच वाट्याला.

दरीत कुठलीही गोष्ट चार दिवसांवर लपत नाही. ब्रदर होबर्ट एका संध्याकाळी तिच्या ओसरीवर आले. ती घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत बसली होती. ते बसले नाहीत.

"ऐकतोय ते खरं आहे?"

"काय ऐकलंत त्यावर आहे, बाबा."

"तू पत्ते खेळतेस. आणि पत्त्यावर गाणं केलंस."

"दोन्ही खरं."

"ज्या तोंडानं देवाच्या घरात गातेस, त्याच तोंडानं जुगाऱ्यांचं गाणं म्हणणार?"

"जुगाऱ्यांचं नाही. डेन्व्हरचं आहे." तिनं शेंग मोडून टोपलीत टाकली. "एकदा ऐका तरी."

"मला ऐकायची गरज नाही. नाव ऐकलं, तेवढं पुरे." त्यांनी काठी उचलली. "शनिवारी चर्चची सभा आहे. तिथं उभी राहा, चूक झाली म्हण, गाणं टाकून दे. मी बाप म्हणून सांगतोय. सभेत मला बाप होता येणार नाही."

"बाबा, मी उभी राहीन," ती म्हणाली. "पण चूक झाली म्हणणार नाही."

सभेत ती खरंच उभी राहिली. निळा झगा घातला होता, केस घट्ट बांधले होते. बाकांवर पन्नासेक माणसं. निम्म्यांच्या घरच्या मयतीला ती गायली होती. एका म्हाताऱ्या डीकननं, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यानं, विचारलं, "सिस्टर आर्व्हेला, तुला या गाण्याचा पश्चात्ताप होतो का?"

"नाही. त्यात खोटं असं काही नाही. पश्चात्ताप झाला तर मी न बोलावता येईन."

नाव काढायच्या बाजूनं हात वर झाले. एस्टिल आणि ओपलचे झाले नाहीत, आणखी चार बायकांचे झाले नाहीत. तिचं नाव चर्चच्या सभासदांच्या वहीतून काढण्यात आलं. ब्रदर होबर्ट अध्यक्ष होते, त्यांना मत नव्हतं. ते पूर्ण वेळ समोरच्या खिडकीकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर ती गाडीत बसली. पण ती घरी गेली नाही. तिथूनच तिनं गाडी तालुक्याच्या गावाला घातली. तिथल्या रेडिओ केंद्रावर दर शनिवारी दुपारी आसपासच्या गवयांचा कार्यक्रम व्हायचा.

केंद्र चालवणाऱ्या इमोजीन ब्रॅशियर या साठीच्या, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या बाई. त्यांनी आर्व्हेलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू ती होबर्टची मुलगी ना? भजन म्हणणार?"

"नाही. पत्त्यांचं गाणं आहे."

"तुझे वडील माझ्या केंद्राला आग लावतील."

"ते तसले नाहीत," आर्व्हेला म्हणाली. "ते फक्त बोलायचं बंद करतील."

मागून एस्टिल आला होताच. त्यानं गिटार काढली. तीन मिनिटांचं गाणं. पत्ता कुणाला वाटला, कुणी मारला, गुण कुणाचा, एवढंच त्यात. आणि शेवटच्या कडव्यात डेन्व्हरचं नाव. गाणं संपलं तेव्हा इमोजीनबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या जाहिरातीचा कागद हातात असून वाचायला विसरल्या. दहा मिनिटांत फोन सुरू झाले. खाणीवरून, बसच्या थांब्यावरून, एका न्हाव्याच्या दुकानातून. पुढच्या शनिवारी पुन्हा म्हणा, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. इमोजीनबाईंनी टेप करून नॅशव्हिलला एका गाण्यांच्या कंपनीला पाठवून दिली. महिन्याभरानं पत्र आलं, भेटायला या.

बसनं सात तास. लाइल प्रुइट नावाचा तो माणूस वयानं तिच्याएवढाच असेल, बूट चकचकीत, बोलणं गोड. भिंतभर तबकड्या फ्रेम करून लावलेल्या. त्यानं टेप लावली, डोळे मिटून पूर्ण ऐकली, आणि डोळे उघडले तेव्हा ते खरोखर ओले होते. आर्व्हेलाला तो त्या क्षणी आवडला.

"बाई, हे गाणं चालणार. मोठ्या नावाच्या गायिकेला देतो, कोण ते तुम्हाला घरबसल्या ठाऊक असेल. फक्त एक लहानशी गोष्ट. दुर्रीच्या जागी बदामची राणी घालू."

"का?"

"असं बघा, या शहरात पत्त्यांवरची गाणी पोत्यानं येतात. इस्पिकचा एक्का आला की कोणीतरी मरतं. चौकटचा गुलाम फसवून जातो. बदामची राणी प्रेमात पाडते. लोकांना नाव ऐकताच कळतं. जोकरवरसुद्धा गाणी आहेत माझ्याकडे. पण दुर्री? रात्रभर पोकर खेळतो मी, हातात दुर्री आली की फेकून देतो. दुर्रीवर गाणं कोण मागणार?"

आर्व्हेलानं पर्स उघडली, काळ्या कडांचा कॅट काढला, आणि त्याच्या टेबलावरचे कागद बाजूला सारले.

"प्रुइट साहेब, हुकूम किलवर. ही तुमची." तिनं दुर्री त्याच्यापुढे ठेवली. "हा माझा एक्का. टाका तुमचा पत्ता."

त्यानं हसत दुर्री टाकली. तिनं एक्का टाकला आणि दोन्ही पत्ते आपल्याकडे ओढले.

"गुण कोणाचा?"

"तुमचा. हात तुमचा झाला."

"हात माझा. दुर्रीचा गुण तुमचा. तुम्हाला वाटली होती म्हणून." तिनं दुर्री परत त्याच्यापुढे सरकवली. "आता बदामच्या राणीला हे करून दाखवा."

लाइल पत्त्याकडे बघत राहिला. मग खुर्चीत मागे रेलून त्यानं एक लांब श्वास सोडला. "सुंदर आहे. खरंच सुंदर आहे, बाई. पण गाडी चालवत गाणं ऐकणाऱ्या माणसापुढे मी असं टेबल कुठं मांडू? त्याला तीन मिनिटं आहेत. राणी करा, मी आज सही करतो."

"माझा नवरा राणी आल्यावर ओरडत नव्हता."

"विचार करा."

"बसमध्ये सात तास तेच केलं." तिनं कॅट गोळा केला, रबर बँड घातला. "तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, त्याबद्दल आभार."

परतीच्या बसमध्ये मात्र ती रडली. खिडकीकडे तोंड करून, शेजारच्या बाईला कळू न देता. आयुष्यात असा दरवाजा एकदाच उघडतो, आणि आपण तो आपल्या हातानं लावून आलो, हे तिला कळत होतं. चर्च गेलं, बाप बोलायचा थांबला, आता हेही गेलं. डोंगर दिसायला लागले तसं तिनं तोंड पुसलं. उतरल्यावर ती घरी न जाता एस्टिलकडे गेली.

"काय झालं?" ओपलनं विचारलं.

"राणी हवी होती त्यांना."

"मग?"

"मग आपणच करू. भाऊजी, इमोजीनबाईंकडे यंत्र आहे ना ध्वनिमुद्रणाचं?"

एस्टिल घाबरला. "वहिनी, मी खाणकामगार आहे. तबकडीवर वाजवायला मी कोण?"

"डेन्व्हरबरोबर तुम्ही खेळायचात ना रोज? मग तुम्हीच वाजवायचं."

एका रविवारी सकाळी, दरी चर्चमध्ये असताना, त्यांनी रेडिओ केंद्रात दार लावून गाणं मुद्रित केलं. सातव्या वेळेला जमलं. शहरातल्या एका कारखान्यानं त्याच्या पाचशे तबकड्या काढून दिल्या. मधोमध पिवळा कागद, त्यावर साध्या अक्षरांत लिहिलेलं, किलवरची दुर्री. ओपल म्हणाली, एखादं चित्र तरी टाकायचं. आर्व्हेला म्हणाली, नाव पुरे आहे, त्यावरूनच तर सगळं भांडण झालं.

मग तिनं एक काम मनावर घेतलं. शाळा तीनला सुटायची, खाणीची पाळी चारला. ती रोज एका खाणीच्या फाटकापाशी गाडी लावून उभी राहू लागली. मागचं झाकण उघडं, आत खोकी. काळ्या तोंडाची माणसं बाहेर येत, थांबत.

"काय विकताय, बाई?"

"गाणं. सेटबॅक खेळता का?"

"म्हणजे काय! खेळतो तर."

"मग तुमच्यासाठीच आहे."

त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. लाइल प्रुइटच्या तीन मिनिटांची त्यांना गरज नव्हती. नाव वाचलं की ते एकमेकांकडे बघत, कोणीतरी म्हणे, "अरे, गुण ज्याला वाटली त्याचा!" आणि प्रत्येकाला आपापलं कोणीतरी आठवत असे. एका खाणीवर व्यवस्थापकानं तिला हटकलं, फाटकाबाहेर उभं राहा म्हणाला. ती रस्त्यापलीकडे उभी राहिली. पाऊस आला तेव्हा ताडपत्री बांधली. एके दिवशी फक्त दोन तबकड्या गेल्या, एके दिवशी साठ. जूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवायच्या पेट्यांत, तबकड्या भरणारा एक माणूस तिच्याकडून खोकंभर घेऊन गेला, आणि त्यानंतर गाणं तिला न विचारता फिरू लागलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणींवर, ट्रक थांबतात त्या खानावळींत, ओहायोच्या कारखान्यांत, जिथं दरीतली निम्मी पोरं कामाला गेली होती. पाचशेच्या दोन हजार काढाव्या लागल्या.

सप्टेंबरात शाळेच्या स्वयंपाकघरात फोन आला.

"बाई, लाइल प्रुइट बोलतोय. माझ्या गाडीवाल्यानं मला आज तुमचं गाणं म्हणून दाखवलं. त्याला माहीत नव्हतं मी कोण ते."

"बरं."

"मी चुकलो. जसंच्या तसं घेतो. दुर्री दुर्रीच राहील. आणि गायिका..."

"गाणार मी," आर्व्हेला म्हणाली. "आणि गिटार एस्टिल गेहार्ट वाजवेल."

मागे कोणीतरी पातेलं आपटलं, पोरं जेवायला रांगेत आली होती.

"तुम्ही फार अवघड बाई आहात."

"नाव तसंच राहील हे कागदावर लिहून पाठवा. सही करते. आता ठेवते, राजमा लागेल खाली."

कागद आला. तिनं आणि एस्टिलनं दोघांनी वाचला, दोनदा, मगच सही झाली. नवीन तबकडी हिवाळ्याच्या तोंडाला निघाली. ती देशभर पहिल्या नंबरला वगैरे गेली नाही. खाणी आणि कारखाने जिथं आहेत तिथं मात्र ती पुढं वर्षभर वाजत राहिली, आणि आर्व्हेला शनिवार-रविवार गायला जाऊ लागली. शाळेची नोकरी तिनं सोडली नाही.

तबकडी निघाली त्याच डिसेंबरात एका दुपारी ब्रदर होबर्ट तिच्या ओसरीवर आले. सव्वा वर्षानं. या वेळी ते बसले. तिनं कॉफी आणून दिली.

"वहीत नाव परत घालायचं तर चूक कबूल करावी लागेल," ते म्हणाले.

"नाही करणार, बाबा."

"ठाऊक आहे. सांगणं माझं काम होतं, सांगितलं." त्यांनी कपाकडे बघत विचारलं, "तो पत्ता... खरंच परत मिळतो? दुसऱ्यानं नेला तरी?"

"पत्ता नाही मिळत. गुण मिळतो."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांची बायको, आर्व्हेलाची आई, आर्व्हेला अकरा वर्षांची असताना गेली होती. त्या विषयावर दोघं कधीच बोलले नव्हते, आत्ताही बोलले नाहीत.

"वखारीत रेडिओ असतो," ते म्हणाले. "बंद करायला मी रोज उठत नाही. गुडघे दुखतात." मग काठी टेकून उभे राहिले. "शेवटच्या कडव्यात घाई करतेस तू. डेन्व्हरचं नाव येतं तिथं. नावाआधी श्वास घे."

"तबकडी निघून गेली, बाबा. आता कसं बदलू?"

"तबकडीचं कोण म्हणतंय. तू गातेस ना अजून?"

ते पायऱ्या उतरून गेले. आर्व्हेलानं कप आत नेऊन ठेवला. मग ओट्यापाशी उभी राहून तिनं शेवटचं कडवं हलक्या आवाजात म्हणून पाहिलं, नावाआधी थांबून. वडिलांचं बरोबर होतं. तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं, या वेळी मोठ्यानं.